बजाबाईच्या नडग्या

आमच्या गल्लीत एके काळी पंधरा-वीस वर्षांत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल बजाबाईच्या नडग्यांवर आंघोळ करून मोठं झालं. त्यातला एक आता वकील आहे. सात रस्त्याच्या चौकात भेटला तर मला ओळख दाखवत नाही. न का दाखवेना, पण त्याच्या कपाळावरची लव बजाबाईनं कणकेच्या गोळ्यानं काढलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्या वेळी त्यानं केलेली आरडाओरडही ऐकली आहे.

मी म्हणजे दुर्गा. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि बजाबाईच्या शेजारची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. दोन खोल्यांना मिळून एक ओसरी. बजाबाई विधवा, चाळिशी ओलांडलेली, एकुलती लेक शेवंता माळशिरसच्या बाजूला एका गावात दिलेली. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं आणि बाळाला तेल लावून आंघोळ घालायची, हे तिचं काम. सकाळी सहाला निघायची ती अकराला परतायची.

तिचं काम बघण्यासारखं होतं. न्हाणीत पाट टाकायचा, लुगडं गुडघ्यांच्या वर खोचायचं आणि दोन्ही पाय लांब करून बसायचं. जुळवलेल्या नडग्यांवर बाळ आधी उताणं, मग पालथं निजवायचं, पावलांकडे डोकं. मग तेल, मग हळद-डाळीचं पीठ, मग कणकेचा तेलात भिजवलेला गोळा पाठीवरून, खांद्यांवरून, कपाळावरून फिरवायचा. पोराची लव त्या गोळ्याला चिकटून निघायची. घरातल्या साऱ्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या, आणि त्यांच्या नजरेपुढे बजाबाईच्या उघड्या, गव्हाळ, तुकतुकीत नडग्या असायच्या. इतक्या बघितलेल्या नडग्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या.

बाकीची बजाबाई मात्र कुणी कधी पाहिली नव्हती. सोलापूरच्या वैशाखातसुद्धा तिची चोळी कोपराखाली चार बोटं उतरलेली. डोक्यावरचा पदर झोपेतही ढळत नसावा. मी चिडवायचे, की बजाबाई, कोण येणार आहे तुम्हाला बघायला? ती हसून सवय आहे म्हणायची. ओसरीवर ती तांदूळ निवडायला बसायची तिथे पांढरा भुगा पडलेला दिसायचा. तो भिंतीचा चुना असं समजून मी घरमालकाशी दोनदा कडाकडा भांडले. दुसऱ्या वेळी त्यानं बिचाऱ्यानं रंगारी आणला. भिंत नवी झाली, भुगा पडतच राहिला, आणि एवढी शिकलेली मी, माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतर एका रविवारी ती माझ्या खोलीत आली आणि आतून कडी लावून घेतली. चोळीची बाही वर सरकवली. कोपरावर तळहाताएवढा लालभडक चट्टा होता, वर मेणबत्ती सांडून वाळावी तसे पांढरे पापुद्रे. पाठीवर तसेच, डोक्यात तसेच, केसांखाली नुसती खपली. नवरा होता तेव्हापासूनचं, म्हणाली. त्याला माहीत होतं. तो गेल्यावर माहीत असणारं कुणी उरलं नाही, शेवंतालाही नाही.

मग तिनं लुगडं वर घेतलं. दोन्ही नडग्यांवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लाल रेघा उठल्या होत्या, सरळ, एकीला लागून एक.

"हितं कदी नव्हतं, बाई," ती म्हणाली. "एवढीच जागा चांगली हुती. तुमच्या घरी पोर न्हाय, म्हून तुमाला दाखवते."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. पण ती अजून लुगडं वर धरून उभी होती, म्हणून मी रुसायचं पुढे ढकललं आणि पुढच्या शुक्रवारी शाळेत रजा टाकून तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या बाकावर ती पदरानं तोंड झाकून बसली. शेजारी बोटं झडलेला एक म्हातारा बसला होता. त्याच्याकडे ती बघत नव्हती, पण मला कळत होतं की तिला फक्त तोच दिसतो आहे. इतकी वर्षं ती दवाखान्याची पायरी चढली नव्हती, कारण एकदा का कुणी महारोग हा शब्द उच्चारला की तिच्या नडग्यांवर कोण आपलं पोर ठेवणार होतं?

डॉक्टर पंचाक्षरी म्हणून होते, बोलण्यात कानडी हेल, वागायला सरळ. त्यांनी चट्ट्यावर टाचणी टोचली. बजाबाई कळवळली. ते म्हणाले, छान, दुखतंय ना, मग महारोग नाही. तिनं तीनदा विचारलं आणि त्यांनी न चिडता तीनदा सांगितलं. याला सोरायसिस म्हणतात, लागट नाही, हात लावून होत नाही, एकाच भांड्यातलं पाणी वापरून होत नाही, मुळापासून जातही नाही. मग त्यांनी नडग्यांवरच्या रेघा बोटानं चाचपल्या आणि तिथे कशानं घासता असं विचारलं.

बजाबाईनं खरं सांगितलं. ती रोज पहाटे टाचा घासायच्या वजरीनं नडग्या घासायची, गुडघ्यापासून खाली सरळ, सालटं लाल होईपर्यंत. वरचं खाली उतरू नये म्हणून. हीच जागा लोकांना दाखवायची, पोरं हिच्यावरच निजवायची, तेव्हा ती जास्तीत जास्त स्वच्छ राहिली पाहिजे, असा तिचा हिशेब. कितीतरी वर्षं काही झालं नाही, म्हणून तिला वाटलं की घासण्यामुळेच काही होत नाही. त्या हिवाळ्यात वजरी जुनी झाली म्हणून तिनं नवी आणली, धारदार. जिथून ती वजरी फिरली तिथून बरोबर चट्टे उठले.

डॉक्टरांनी कोपरावरच्या चट्ट्याचा एक बारीक तुकडा काढला आणि तिची परवानगी घेऊन काखेजवळच्या अगदी चांगल्या कातडीचा एक. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी सांगितलेलं मला जेवढं समजलं ते असं, की चांगल्या तुकड्यातही भिंगाखाली बारीक रक्तवाहिन्या सुजलेल्या होत्या आणि आतली हालचाल नेहमीपेक्षा जास्त होती. वरून काही दिसत नाही, आत मात्र जळजळ चालू असते.

"तुमची चांगली दिसणारी कातडी नुसती गप्प बसलीय, बाई," ते म्हणाले. "तिला डिवचू नका. घासणं, ओरखडणं, डाग देणं, काही नको."

बजाबाईनं मग विचारलं, की हे लेकीला होईल का. ते म्हणाले, होईलच असं नाही, काही घराण्यांत उतरतं, काहींत उतरत नाही. आज तिची कातडी स्वच्छ आहे का? मग जपायची, एवढंच.

येताना ती पाय ओढत माझ्या मागून चालली. मला वाटलं होतं की महारोग नाही म्हटल्यावर बाई नाचत घरी येईल. तिचं दुःख मला उशिरा कळलं. तोवर तिनं आपल्या अंगाचे दोन भाग पाडले होते, एक नासका आणि एक चांगला, आणि ती त्या चांगल्या भागात राहत होती. घराची एक खोली गळते म्हणून माणूस दुसरीत अंथरूण टाकतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की दुसरीचंही आढं आतून भिजलेलं आहे. आता अंथरूण टाकायचं कुठं?

घरी आल्यावर तिनं चहा केला. तिच्या हातचा चहा मी चार वर्षं रोज पीत होते, दुपारी शाळेतून आल्यावर, तिच्याच कपात. त्या दिवशीही प्याले. मग माझ्या खोलीत जाऊन चूळ भरली. एकदा भरून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा भरली. लागट नाही हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, वर्गात पोरांना शास्त्र मीच शिकवत होते. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की मला पित्त झालंय, चहा बंद केलाय. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिनं मला चहाचं एकदाही विचारलं नाही, आणि मी सोयीनं असं धरून चालले की तिला माझ्या पित्ताची काळजी आहे.

दवाखान्यातल्या मलमाला डांबराचा वास यायचा. ती ते लावून वर ओवा-शेपाची धुरी घ्यायची, म्हणजे बाळंतिणीच्या घरातून आलेला वास आहे असं लोकांना वाटावं. वजरी तिनं फेकली. नडग्यांवर जुन्या लुगड्याचं ओलं धडपं टाकून त्यावर पोर घ्यायला लागली. पोर सटकतं, म्हणाली. बायकांना ते पटलं, उलट दोघी-तिघींनी तिच्या शहाणपणाचं कौतुक केलं. माझ्या शाळेतल्या एका बाईला दिवस गेले होते. तिला मीच बजाबाईचं नाव सुचवलं आणि धडप्याबद्दल तोंड मिटून बसले. त्यात मी काही वाईट केलं असं मला आजही वाटत नाही. पण बजाबाई दर घरात शिरताना एकदा धडपं चाचपून बघायची आणि बाहेर पडताना एकदा. पाच घरं, दहा वेळा. कुणी गमतीनं धडपं ओढलं असतं तर? तिला तशी स्वप्नं पडायची. मला सांगायची आणि मग सांगितल्याचा पस्तावा करायची.

पंच्याहत्तरच्या दिवाळीआधी शेवंता पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. गुटगुटीत, आणि पाठ-खांद्यांवर दाट काळी लव. गल्लीतल्या बायका हसून म्हणाल्या, की बजाबाई, आता दाखवा तुमच्या हाताचा गुण, ही तर घरचीच.

बजाबाईनं गोळा लावला नाही. नातीला ती कोमट पाणी घालायची, बोटांनी तेल जिरवायची आणि मऊ फडक्यानं टिपायची. डाळीचं पीठसुद्धा नाही. पोर नडग्यांवर असताना ती तिच्या पाठीकडे अशी बघत बसायची, की लव बघते आहे की लवेखालचं, ते मला ठाऊक होतं. स्वच्छ, गुळगुळीत कातडी होती ती. त्या स्वच्छपणावर तिचा विश्वासच उरला नव्हता.

शेवंता आधी हसली, मग रागावली. साऱ्या गावाची पोरं चोळलीस, माझ्याच पोरीला हात राखतेस, म्हणाली. एका दुपारी माझ्याकडे येऊन रडली. मी तिला काय सांगणार? बजाबाईनं माझ्याकडून शपथ घेतली होती. शेवंताला कळलं की ती कुंडलिकला, म्हणजे नवऱ्याला, सांगणार, आणि नवरा त्याच्या आईला सांगणार. आईचं रक्त बिघडलेलं म्हणजे लेकीचं बिघडलेलं, असं घरादारात व्हायला किती वेळ लागतो? बजाबाईपुढे तीन वाटा होत्या आणि तिन्ही बंद. चोळावं तर नातीच्या कातडीत जे निजलं असेल ते उठणार. न चोळावं तर व्याही राग धरणार. कारण सांगावं तर लेकीचा संसार टांगणीला लागणार. ती म्हणायची, बारसं होऊन जाऊ द्या, लव काय, वर्षात आपोआप झडते.

बारशाला विहीण आली, सोजरबाई. बाई वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. गुळाची ढेप आणली, नातीला स्वतः शिवलेलं दुपटं आणलं, मुलगी झाली म्हणून एक वाकडा शब्द काढला नाही. तिच्या गावात तीही पोरांना न्हाऊ घालणारी म्हणून नावाजलेली. सकाळी दुपटं सोडून तिनं नातीची पाठ बघितली. मग म्हणाली, की इहीणबाई, लोकाच्या पोरांसाठी तुमचा एवढा लौकिक, आणि आमची पोर अस्वलाच्या पिलासारखी ठेवलीत. पोरगी म्हणून हात राखलात व्हय?

बजाबाई म्हणाली, कातडी नाजूक हाय. सोजरबाई म्हणाली, सगळ्याच पोरांची असती. आणि तिनं स्वतः कणीक मागून घेतली, तेल घालून मळली, न्हाणीत पाट टाकला, लुगडं खोचलं आणि पोरीला नडग्यांवर पालथं घातलं. शेवंता दारात उभी, चेहऱ्यावर अखेर सुटल्याचं समाधान. मी मागे बंबातलं पाणी काढून देत होते.

गोळा एकदा पाठीवरून फिरला. पोरगी किंचाळली. खांद्यावर लाल पट्टा उमटला, तसा तो सगळ्याच पोरांना उमटतो. सोजरबाईनं दुसऱ्यांदा हात उचलला आणि बजाबाईनं तो मनगटाला धरला.

"घासू नका," ती म्हणाली. "मी सांगते का ते."

मग तिनं आमच्या तिघींसमोर लुगडं गुडघ्यांपर्यंत घेतलं. धडपं नव्हतं. दोन वर्षं मलम लावूनही रेघा तशाच होत्या, फक्त फिकट झालेल्या. मग दोन्ही बाह्या वर केल्या.

"ह्ये पायावरलं मी घासून आणलंय. आदी हितं काय बी नव्हतं, तुमच्या नातीच्या पाटीवानी साफ हुतं. डाक्टर म्हनला, आत आसतंय, दिसत न्हाय. शेवंताच्यात आसंल, न्हाई तर नसंल. पोरीच्यात बी तसंच. कुनाला ठावं न्हाय. म्हून घासू नका."

सोजरबाईनं गोळा खाली ठेवला. पोरीला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि शेवंताकडे बघितलं. तुला ठावं हुतं? शेवंतानं नाही म्हणून मान हलवली. ती आईच्या पायांकडे बघत होती, जन्मात पहिल्यांदा बघावेत तसे.

मग सोजरबाई माझ्याकडे वळली. शिकलेली म्हणून.

"मास्तरीणबाई, ह्ये लागट हाय का?"

मी म्हणाले, नाही, मी स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, महारोग नाही, गजकर्ण नाही, स्पर्शानं होत नाही. चांगलं ठामपणे म्हणाले, वर्गात म्हणते तसं. तिला ते पटत चाललेलं मला दिसत होतं. तिचे खांदे जरा सैल झाले. बजाबाई माझ्याकडे बघत होती.

"मंग तुमी त्यांच्या हातचं खाता-पिता न्हवं?" सोजरबाईनं साधंच विचारलं.

हो, हा एवढाच शब्द होता. पण दोन वर्षं ज्या कपाला मी तोंड लावलं नव्हतं तो कप माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि मी आधी बंबाची तोटी बंद केली. मग मी हो म्हणाले. सोजरबाईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

बारसं झालं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मात्र पाळण्याच्या दोरीला बजाबाईचा हात लागला नाही, कुणी तिला पुढे हो म्हटलं नाही आणि ती झाली नाही. दुपारच्या एस. टी.नं सोजरबाई सून आणि नात घेऊन निघाली. सव्वा महिना व्हायला अजून खूप अवकाश होता. जाताना तिनं बजाबाईला एक वचन दिलं, आणि ते पुढे पाळलं, की पोरीला कुणी घासणार नाही. पोरीला पुन्हा भेटायला आणायचं दुसरं वचन बजाबाईनं मागितलं नाही. शेवंता पाया पडायला वाकली तेव्हा बजाबाईनंच पाय मागे घेतले.

गल्लीत ही बातमी कुणी नेली ते कळलं नाही. महिन्याभरात पाचही घरं सुटली. बजाबाई अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत एका यंत्रमागवाल्याकडे चादरींच्या कडेच्या दशा वळायला जाऊ लागली. तिथे कुणी तिच्या पायांकडे बघत नव्हतं. शेवंता दिवाळी-संक्रांतीला पत्र पाठवायची, मी ते वाचून दाखवायचे. पोरगी चांगली आहे, अंग साफ आहे, असं त्यात असायचं. साफ हा शब्द आला की बजाबाईचे हात थांबायचे. उत्तरात ती दर वेळी एकच गोष्ट लिहायला लावायची, की घासू नका. पोरगी सात वर्षांची होईपर्यंत मी ते लिहिलं, आणि बारशानंतर बजाबाईनं तिला तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.

पण मला राहून राहून आठवते ती बारशाच्या दिवशीची दुपार. एस. टी.वर त्यांना बसवून मी परत आले तेव्हा बजाबाई न्हाणीत होती. पाट तसाच होता आणि ती पाय लांब करून त्यावर बसली होती, नडग्या जुळवून, वर काही नाही. कणकेचा गोळा कोपऱ्यात वाळत पडला होता. मी तिच्या चुलीपाशी गेले, तिच्या माठातलं पाणी तिच्याच पेल्यात घेतलं आणि तिच्यासमोर उभी राहून घटाघटा प्याले. सगळं प्याले. पेला पालथा करून दाखवला.

ती बघत होती. रागावलेली नव्हती, हे फार वाईट होतं.

"आता कशाला, बाई?" ती म्हणाली. "आता हितं बगायला कोन हाय?"

मग तिनं माझ्या हातातून पेला घेतला, विसळला आणि जागेवर ठेवला.